इन्व्हर्टरची बॅटरी, विजेची गाडी आणि बिलातले टप्पे

वडगावकर
आमची सदनिका वडगाव बुद्रुकला, चौथ्या मजल्यावर आहे. काही गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळीही जाते. मी घरून काम करतो, त्यामुळे इन्व्हर्टर घ्यायचा आहे. शिवाय लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी विकून विजेची घेण्याचा विचार आहे. महिन्याला साधारण १,००० किलोमीटर फिरणे होते आणि घरचा वापर २२० युनिटच्या आसपास आहे. विजेची गाडी किलोमीटरला एका रुपयात चालते असे विक्रेता सांगतो, ते खरे मानावे का? आणि घरात मोठी लिथियम बॅटरी बसवली, तर वीज नसताना गाडीही तिच्यावर चार्ज करता येईल का?

मीटरवाचक
एका रुपयाचा हिशेब बहुधा पहिल्या १०० युनिटांच्या दराने केलेला असतो आणि ती १०० युनिटे तर तुमच्या घरातच संपतात. घरगुती बिलात वापर वाढतो तसा युनिटाचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि गाडीची वीज नेहमी बिलाच्या वरच्या टोकाला जोडली जाते, म्हणून सरासरी दर न पाहता शेवटच्या युनिटाचा दर पाहावा. छोट्या गाडीला शहरात १०० किलोमीटरला सुमारे १४ युनिटे लागतात आणि चार्जिंगमधील गळती धरून मीटरवर १६ पडतात, म्हणजे महिन्याला १६०. त्यांपैकी ८० युनिटे तुमच्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात बसतील आणि उरलेली ८० पुढच्या टप्प्यात जातील. माझ्या बिलात वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा खर्च) आणि वीज शुल्क (सरकारी कर) धरून हे दर अनुक्रमे १३ आणि १७ रुपयांच्या घरात पडतात. त्या हिशेबाने २,४०० रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४० पैसे होतात. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर तेवढ्याच अंतराला ६,९०० च्या वर जातात. बचत मोठी आहे, पण विक्रेता सांगतो तेवढी नाही. गाडीसाठी महावितरणकडून स्वतंत्र जोडणी घेता येते. तिला घरगुती टप्पे लागू होत नाहीत, त्यामुळे त्या दराची चौकशी आधी करावी.

जाता जाता, लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि तुमची गाडी त्यावर १५ किलोमीटर जाते. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला अडीच युनिटेही लागत नाहीत, कारण इंजिनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते.

जुना इन्व्हर्टरवाला
बॅटरीवर गाडी चार्ज करण्याचा विचार सोडून द्यावा. ५ युनिटांची लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी गाडी जेमतेम ३० किलोमीटर जाईल आणि घरातले पंखे बंद पडतील ते वेगळेच. उलट गाडीच्याच बॅटरीत ३० युनिटे असतात आणि काही गाड्यांतून घरातली उपकरणे चालवण्यापुरती वीज बाहेर घेता येते. अर्थात त्यासाठी चौथ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत वायर सोडायची तुमची तयारी हवी.

घरापुरते बोलायचे तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर (इन्व्हर्टरच्या नेहमीच्या शिसे-आम्ल) बॅटरीत कागदावर १.८ युनिटे असतात. ही क्षमता २० तास हळूहळू वापरल्यास मिळते, भार वाढला की कमी होते. तीन साधे पंखे, पाच दिवे, राउटर आणि लॅपटॉप मिळून ३५० वॉटच्या आसपास भार होतो, त्यावर ती तीन तास टिकेल. बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदलावेत. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ७५ ऐवजी ३० वॉट घेतो आणि तेवढ्यानेच वेळ पाच तासांच्या पुढे जातो. छतावर केवळ ग्रिडला जोडलेले सौर पॅनेल असेल तर वीज गेल्यावर तेही बंद पडते. अनेकांना हे पॅनेल बसवल्यावर कळते.

पार्किंग क्रमांक ९
दरांच्या चर्चेत वायरिंग विसरू नये. मी पहिले दोन महिने पार्किंगमधल्या जुन्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावत असे. एका सकाळी प्लग निघेना. जोर लावून ओढला तर एक पिन तपकिरी झालेली होती आणि सॉकेटचे पांढरे प्लास्टिक तिच्याभोवती वितळून घट्ट बसले होते. आठ-दहा तास सलग पूर्ण भार वाहणे त्या जुन्या जोडणीला पेलले नाही. आता मीटरपासून स्वतंत्र जाड तार, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि तपासून घेतलेले अर्थिंग आहे.

वडगावकर
सर्वांचे आभार. मागची बिले काढून पाहिली. मे महिन्यात एसीमुळे वापर ३१० युनिटांवर गेला होता, म्हणजे त्या महिन्यात गाडीची सगळी १६० युनिटे १७ रुपयांनीच पडली असती. तरीही २,७२० रुपये पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच आहेत. पंखे या आठवड्यात बदलतो. स्वतंत्र मीटरसाठी सोसायटीकडे अर्ज दिला आहे. मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगपर्यंत चाळीस मीटर तार लागते आणि तिचा खर्च माझा की सोसायटीचा, यावर समितीचे एकमत झालेले नाही.