अनुभव धागा : कामावरच्या रिकाम्या वेळात तुम्ही काय करता?

मे महिन्यात दुपारी एक वाजला की नागपूरच्या महाल भागातला आमचा रस्ता पार सुनसान होतो. त्यात नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) लागलेला असला तर पारा 45 अंशांच्या पुढे, आणि दुपट्टा बांधूनही कोणी घराबाहेर पडत नाही. अर्धं शटर खाली, कूलर सुरू, आणि चार वाजेपर्यंत मोजून पाच-सहा गिऱ्हाइकं. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून माझं हे चौदावं वर्ष.

पहिल्या तीन-चार वर्षांतल्या दुपारी मोबाइलमध्ये गेल्या. मग एके दिवशी रोजच्या ओळखीच्या एका काकांनी खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्यासमोर उलटी धरून दाखवली. मुदत मागच्याच महिन्यात संपली होती. ते काही बोलले नाहीत. बाटली काउंटरवर ठेवली आणि निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दुपारपासून एक खण हातात घ्यायला लागलो. रोज एकच. खणातलं सगळं बाहेर काढायचं, फडक्याने पुसायचं, ज्याची मुदत आधी संपते ते पुढे लावायचं. तीन महिन्यांच्या आत मुदत संपणारं वेगळ्या खोक्यात, म्हणजे स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) वेळेत परत जातं. (पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष असतं, तेव्हा त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. हे लोकांना माहीत नसतं, मी सांगत असतो.) फ्रिजचा काटा 2 ते 8 अंशांमध्ये आहे ना ते बघायचं, कारण इन्सुलिन आत आहे. मग एच-वनचं रजिस्टर. काही अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या, टीबीची औषधं यांच्यासाठी 2014 पासून वेगळी नोंद ठेवावी लागते : डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं असतं ते. संध्याकाळच्या गर्दीत एखादी ओळ राहून जाते, दुपारी बिलांशी ताडून पाहिलं की सापडते.

एवढं करूनही तास उरतो. त्यात मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे हाताएवढे तुकडे कापतो आणि चिठ्ठ्या तयार करून ठेवतो. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. खाली एक ताट : भरलेलं असेल तर जेवणानंतर, रिकामं असेल तर जेवणाआधी. वाचता न येणाऱ्या आजीबाई आल्या की चित्राखाली गोळी चिकटपट्टीने लावून देतो.

आता तुम्ही लिहा. नुसतं 'मी वाचन करतो' एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय करता, त्याला किती वेळ लागतो, आणि मध्येच काम अंगावर आलं तर त्याचं काय होतं, तेही सांगा.

साड्यांचं दुकान, इतवारी

आमची दुपार बरी असते, पण पितृपंधरवडा अगदी कोरडा. लग्नाचा बस्ता त्या पंधरा दिवसांत कोणी बांधत नाही. मी नवी होते तेव्हा इतर मुलींसोबत गादीच्या टोकाला बसून राहायची. दुकानातले सगळ्यात जुने काका मात्र एकटेच कपाट उघडून साड्यांच्या घड्या बदलत असायचे.

रेशमी साडी वर्षभर एकाच घडीत राहिली की जरीची तार त्याच रेषेवर तुटते. म्हणून साडी पूर्ण उलगडायची, तासभर सावलीत वारा द्यायचा आणि जुनी रेष मध्ये येईल अशी नवी घडी घालायची. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, ती काळी पडते. मी काकांच्या हाताखाली बसायला लागले ते घडी शिकायला, आणि शिकले साडी ओळखायला. आपल्या विदर्भातली टसरची करवतकाठी त्यांनी मला काठ उलटा करून दाखवली. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ना, तिथे काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवलेले असतात, त्यासाठी विणकराला तीन धोटे चालवावे लागतात. छापलेल्या नकलेत उलट्या बाजूला ते दाते फिके दिसतात. काकांनी माझं बोट धरून त्या जोडावरून फिरवलं होतं. आता गिऱ्हाइकाने 'एवढी महाग का?' विचारलं की मी भाव सांगायच्या आधी काठ उलटा करते.

मध्येच गिऱ्हाईक आलं तर? उलगडलेली साडी समोर असते, बरेचदा तीच विकली जाते.

कूलरचं काम, मानेवाडा

आमच्या धंद्याचं उलटं हाय भाऊ. मार्च ते जून जेवाले टाईम भेटत नाही, अन् दिवाळी झाली का दुकानात चिटपाखरू येत नाही. ताट्या, पंप, रंग, हे सारं तर सगळेच करतात त्या दिवसांत. मी सांगतो ते मोटरचं.

पहिले मी जळलेली मोटर बाहेर रिवाइंडिंगले देत होतो. भर मे महिन्यात चार-चार दिवस परत येत नव्हती, अन् घरी लेकराबाळांचे हाल, तो माणूस रोज मलेच फोन करे. एका हिवाळ्यात ठरवलं का हे आपणच शिकाचं. भंगारातून जळक्या मोटरा किलोवर आणल्या. नवीन पोरगं पहिले काय करते, तर जळली तार ओढून फेकते. तितंच सारं चुकते. पहिले पाहा लागते का तार कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत गेली. मग एका गुंडाळीत वेढे किती ते मोजाचे, रनिंगचे वेगळे, स्टार्टिंगचे वेगळे. मग गेज, म्हणजे तारेची जाडी. तारेवरचं वार्निश जाळून, पुसून मायक्रोमीटर लावाचा, नाहीतर वार्निशच्या जाडीनं तार जाड भासते. वेढे कमी भरले तर मोटर करंट जास्त घेते, गरम होते, अन् पुन्हा जळते.

एकेक वेढा मोजताना बोलाचं नाही, फोन घ्याचा नाही. कोणी आलंच तर किती झाले ते पाटीवर खडूनं लिहून ठेवाचं. माझ्या वहीत आता एका पानावर एक मोटर हाय. खाचेचं चित्र, वेढे, गेज. सीझनमध्ये तशीच मोटर आली का पान उघडतो. सकाळी आलेली मोटर संध्याकाळी फिरते.

सरकारी कार्यालय, सिव्हिल लाइन्स

हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा डिसेंबरात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. जानेवारीचे पहिले काही दिवस त्या मानाने सैल जातात. अशाच एका जानेवारीत मी अभिलेख कक्षाची किल्ली मागून घेतली.

कागदोपत्री वर्गवारी ठरलेली असते : 'अ' कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं, 'क-1' दहा, 'क' पाच, आणि 'ड' एक वर्षाने नष्ट करायचं. पण लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत सगळे वर्ग एकत्र कोंबलेले होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर एक गठ्ठा सोडायची. तोंडाला रुमाल, हाताशी ओलं फडकं. वर्ष, विषय, रॅक, गठ्ठा, एवढेच चार रकाने एक्सेलमध्ये. दुसरं काहीच नाही, कारण आणखी रकाने वाढवले असते तर ते काम मी आठवड्यात सोडलं असतं. दोन हिवाळे लागले.

मग एक बाई आल्या, नवऱ्याच्या सेवापुस्तकासाठी. कुटुंब निवृत्तिवेतन अडलं होतं आणि ही त्यांची चौथी खेप होती. मी विषयाच्या रकान्यात नाव शोधलं, रॅक सात, गठ्ठा एकोणीस. वीस मिनिटांत पुस्तक टेबलावर. बाईंनी पहिलं पान उघडलं, त्यावर नवऱ्याचा तरुणपणीचा फोटो चिकटवलेला होता. त्या बराच वेळ तोच पाहत बसल्या. पेन्शनचं बोलणं आम्ही नंतर केलं.

सुरक्षारक्षक, रात्रपाळी, मिहान

मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. रात्री बारा ते चार गेटवर एखाददुसरी गाडी येते. ड्युटीवर मोबाइल चालत नाही आणि जाड पुस्तक उघडलं की नजर गेटवरून हटते, ते मलाही पटत नाही. म्हणून चिठ्ठ्या. दिवसा घरी बसून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या लिहितो, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. डाव्या खिशातून उजव्या खिशात. जी चुकली ती परत डाव्या खिशात. लेखी परीक्षा 100 गुणांची असते, अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. समास आणि प्रयोग मी उभ्या उभ्याच पाठ केले. 1600 मीटरसाठी सकाळी ड्युटी सुटल्यावर पळतो, ते मात्र कामाच्या वेळेत नाही.

धागाकर्ता

दादा, डाव्या खिशातून उजव्या खिशात हे फारच आवडलं. गाडी आली की चिठ्ठी खिशात टाकायची आणि उठायचं. माझा खण, साडीवाल्या ताईंची घडी, मिस्त्रींची पाटी, सगळ्यांचं एकाच जागी येऊन राहिलं : मध्येच सोडलं तरी न बिघडणारं काम निवडायचं.

स्टाफ नर्स, मेडिकल चौकाजवळ

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. वॉर्डात रिकामा वेळ असा नसतोच, फक्त घंटी न वाजणारा वेळ असतो. रात्री दोननंतर सगळे झोपले की नव्या मुली परीक्षेची पुस्तकं काढतात. मी त्यांना ओरडत नाही, पण आधी इमर्जन्सी ट्रॉली उघडायला लावते. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायचं उपकरण) दिवा लागतो का, सेल उतरले नाहीत ना, अ‍ॅड्रेनलिन आहे तिथेच आहे का, सक्शन ओढतं का, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठे आहे आणि त्याची चावी कुठे. एका रात्री आमच्याकडे सिलिंडर भरलेला होता आणि चावी सापडत नव्हती. दोन मिनिटांत शेजारच्या वॉर्डातून आणली, पेशंट वाचला. ती दोन मिनिटं माझ्या अंगात अजून आहेत. आता चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असते.

त्यानंतर ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि एखादा जागा असेल तर त्याच्याजवळ दहा मिनिटं बसायचं. दिवसा त्याला कोणी बसून ऐकत नाही. गावाकडचं पीक, मुलीचं लग्न, काहीही बोलतात. एका आजोबांनी असंच बोलता बोलता सांगितलं की ते दोन दिवसांपासून बीपीची गोळी उशीखाली ठेवून देतात, कारण ती घेतली की चक्कर येते. राउंडला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली.

निवृत्त, कोराडी औष्णिक केंद्र

नर्सताईंच्या म्हणण्याला माझा दुजोरा. आमच्या कंट्रोल रूममध्येही लोड स्थिर असला की बाहेरच्याला वाटायचं, ही मंडळी नुसती बसून आहेत. दर तासाला लॉगशीट भरायची आणि मधल्या वेळात काट्यांकडे पाहायचं. ते पाहणं हेच काम.

पण आम्ही शिकाऊ होतो तेव्हा आमच्या साहेबांनी एक सवय लावली. 210 मेगावॅटचा संच होता. ते म्हणायचे, आज एक पाइप. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपापासून निघायचं, हीटरमधून, इकॉनॉमायझरमधून थेट ड्रमपर्यंत पायी जायचं. छापील नकाशा न्यायचा नाही. वाटेत येणारा प्रत्येक व्हॉल्व्ह वहीत हाताने काढायचा, आणि तो जिन्याच्या कोणत्या बाजूला आहे, चाक कोणत्या उंचीवर आहे, तेही. परत आल्यावर मग छापील नकाशाशी ताडायचं. माझ्या पहिल्या चित्रात तीन व्हॉल्व्ह राहिले होते. साहेबांनी लाल पेन्सिलने गोल केले आणि तसंच परत पाठवलं, उन्हाळ्यात, बॉयलरच्या बाजूला.

पुढे अनेक वर्षांनी एका रात्री व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) वाफ सुटली आणि हाताने लाइन बंद करायची वेळ आली. वाफेत पुढचं दिसत नव्हतं. माझा हात बरोबर जिन्याच्या मागच्या चाकावर गेला. ती वही मी निवृत्त होताना एका शिकाऊ मुलीला दिली.

ऑटो, अजनी स्टेशन

दोन गाड्यांच्या मधात वही लिहितो. सवारीचे किलोमीटर एका बाजूला, रिकामे दुसऱ्या बाजूला. महिनाभर लिहिलं तेव्हा दिसलं की दुपारी सवारी शोधत फिरण्यात पेट्रोल जाते आणि सवारी तेवढीच भेटते. आता दुपारी झाडाखाली उभा राहतो आणि पोराच्या शाळेचं इंग्रजी पुस्तक त्याच्या एक धडा पुढे वाचून ठेवतो.

सॉफ्टवेअर

दोन प्रोजेक्टच्या मध्ये मला काही आठवडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ठेवलं होतं. कोर्स केले, पण त्यातलं फार थोडं टिकलं. टिकलं ते एकच : जुन्या प्रोजेक्टमध्ये महिनाअखेरीस येणाऱ्या चुका आणि त्यांचे उपाय मी पायरी-पायरीने लिहून काढले. तेव्हाच्या वरिष्ठांना ते वेळ घालवणं वाटलं आणि तसं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मला फार लागलं होतं. माझ्यानंतर आलेल्या मुलाने तीच फाइल वापरून पहिली महिनाअखेर एकट्याने काढली, हे त्यानेच मला फोन करून सांगितलं.

सुरक्षारक्षक, रात्रपाळी, मिहान

कोराडीचे काका, तुमचं वाचून काल रात्री राउंडवर मी आमच्या इमारतीची आगीच्या पाण्याची लाइन धरून चाललो. पंपापासून निघालो, तळमजल्यावरचे सगळे हायड्रंट चिठ्ठीच्या मागे काढले. पाच सापडले, भिंतीवरच्या पाटीवर सहा लिहिले होते. सहावा गोदामाच्या कोपऱ्यात खोक्यांच्या मागे होता, छातीइतकी खोकी, हात पोचत नव्हता. सकाळी सुपरवायझर साहेबांना चित्र दाखवलं. त्यांनी माझ्यासमोरच माणसं बोलावून खोकी हलवली आणि फरशीवर पिवळा पट्टा मारायला सांगितला. आज रात्री पहिला मजला घेतो.