नववीतील मुलाला तोंडी सारे येते, लिहिता मात्र येत नाही : दहावीपूर्वी शाळेने काय करावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, धारूर तालुका, जि. बीड

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलाविषयी मार्गदर्शन हवे आहे.

यंदाच्या मुक्तिसंग्राम दिनी या मुलाने रझाकारांच्या अत्याचारांपासून १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई आणि १७ तारखेची निजामाची शरणागती इथपर्यंतचा सारा घटनाक्रम वर्गासमोर न अडखळता सांगितला. दोन दिवसांनी तोच प्रश्न चाचणीत लिहायला दिला, तेव्हा अर्ध्या तासात त्याच्या कागदावर चार ओळी उतरल्या आणि त्यांतली एकच मला वाचता आली. त्याची वही मी घरी नेऊन पाहिली. ‘विद्यार्थी’ हा शब्द एकाच पानावर ‘विदयाथी’, ‘वीधार्थि’ आणि ‘विर्दाथी’ असा तीन तऱ्हांनी लिहिलेला आहे. फळ्यावरचे उतरवून घेताना तो एकेका अक्षरासाठी मान वर करतो. निम्मे लिहून होण्याआधी फळा पुसलेला असतो.

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, तोवर तो आजीजवळ राहतो. लहानपणी दोन-तीन वर्षे तो त्यांच्याबरोबर फडावर होता, त्यामुळे शाळा बुडाली आणि म्हणून तो मागे पडला, असे शाळेत सर्वांनी धरून चालले आहे. गेले वर्षभर मलाही तसेच वाटत होते. आता दहावीचा निकाल खाली येऊ नये म्हणून त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवावे, अशी सूचना आमच्या बैठकीत आली आहे. मला ती पटत नाही, परंतु शाळेत विशेष शिक्षक नाही आणि मी स्वतः या विषयाचे काही शिकलेले नाही. ही अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असेल का, असल्यास प्रमाणपत्राचे काम कोठून सुरू करावे, आणि तोवर वर्गात मी काय करावे, हे कृपया सांगावे.

उत्तर : विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र, लातूर जिल्हा

बाई, निदान तपासणीनेच होईल, पण वहीचे जे वर्णन तुम्ही केले आहे त्यावरून हा केवळ शाळा बुडाल्याचा परिणाम नसावा. शाळा बुडालेल्या मुलाच्या चुका बहुधा एका साच्याच्या असतात. त्याला एखादे जोडाक्षर येत नसेल तर ते सगळीकडे सारखेच चुकते आणि काही महिने नीट शिकवले की फरक दिसू लागतो. एकच शब्द एका पानावर तीन वेगळ्या तऱ्हांनी चुकणे ही निराळी खूण आहे. आपल्या लिपीत अशा मुलांची कसोटी लागते ती नेमकी कोठे, हेही या शब्दातून दिसते. ‘वि’ म्हणताना आधी व येतो, लिहिताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘र्थी’ मधला र हा थ च्या आधी ऐकू येतो आणि त्याचा रफार द्यावा लागतो सगळ्यांत शेवटी, तोही थी च्या डोक्यावर. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम जुळत नाही. तुमच्या विद्यार्थ्याच्या तिन्ही चुका याच जागांवर आहेत.

पहिले काम डोळे आणि कान तपासून घेण्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तुमच्या तालुक्यात असेलच; हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, तेव्हा त्या पथकाकडून संदर्भपत्र घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार मानले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन, लेखन व गणिताची चाचणी, असा क्रम असतो. हे सारे एका दिवसात होत नाही. दोन-तीन फेऱ्या धरून चाला. तुम्हाला बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असे दोन पर्याय आहेत. निघण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून घ्या, नाहीतर पालकांचा रोज बुडतो आणि हाती पुढची तारीख येते. जाताना त्याच्या वह्यांची पाने, तारखा घातलेल्या उत्तरपत्रिका आणि तो तोंडी काय सांगू शकतो याची तुमच्या हस्ताक्षरातील टिपणे बरोबर द्या. पुष्कळ शाळा ‘अभ्यासात कच्चा’ एवढे एका ओळीचे पत्र देतात; तपासणाऱ्याला त्याचा काहीही उपयोग होत नाही.

माझी कळकळीची विनंती अशी की आई-वडिलांपैकी एक तरी बरोबर असताना, म्हणजे टोळी निघण्यापूर्वी, पहिली फेरी व्हायलाच हवी. एकदा ते कारखान्यावर गेले की सहा महिने गेले, आणि तोवर तो दहावीच्या उंबरठ्यावर आलेला असेल. प्रमाणपत्र हाती आले की दहावीचे आवेदनपत्र भरताना मुख्याध्यापकांनी सवलतींचा प्रस्ताव छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. तासामागे २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहिणारी व्यक्ती, या दोन सवलती त्याला सर्वाधिक उपयोगी पडतील.

वर्गात मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नका. फळ्यावरचे उतरवून घेण्याची सक्ती आजच बंद करा; शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स त्याच्या वहीत चिकटवू द्या. सर्वांसमोर अचानक वाचायला उभे करू नका. धडे मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या आणि घटक चाचणीतील काही प्रश्न तोंडी घेऊन त्याचे गुण मांडा. त्याच वेळी वाचन शिकवणे सोडू नका. रोज वीस मिनिटे, एका आठवड्यात एकाच प्रकारची जोडाक्षरे. ताटात वाळू किंवा ज्वारी पसरून, अक्षर मोठ्याने म्हणत बोटाने काढायचे. चौदा वर्षांच्या मुलापुढे पहिलीचे पुस्तक ठेवले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्याचेच शब्द घ्या: कारखाना, मुकादम, उचल, वाढे, मोळी, मग रफारासाठी सर्जा, कर्ज, खर्च.

उत्तर : एक पालक, नांदेड

माझ्या मुलीला हीच अडचण होती. प्रमाणपत्र मिळाले, लेखनिक मंजूर झाली आणि आम्ही निर्धास्त झालो, ही आमची मोठी चूक झाली. लेखनिक म्हणून आलेली खालच्या वर्गातील मुलगी तिला भेटली ती परीक्षेच्या आदल्या दिवशी. इतिहासाचा पेपर कसाबसा पार पडला. भूमितीत मात्र कंपासचे टोक कोठे टेकवायचे, कंस कोणत्या बाजूला मारायचा, हे दुसऱ्याला शब्दांत सांगायची तिला कधी सवयच नव्हती. रचना येत असूनही दोन प्रश्न कोरे राहिले. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही.

म्हणून बाई, नववीच्या सहामाहीपासूनच प्रत्येक परीक्षेला त्याला लेखनिक द्या आणि शक्य तोवर तीच व्यक्ती ठेवा. वाक्य कोठे संपले, परिच्छेद कोठे बदलायचा, लिहिलेले पुन्हा वाचून दाखव असे केव्हा म्हणायचे, हे सारे शिकावे लागते. आमच्या वेळी शाळेत काही जण जादा वेळेला इतर मुलांवरचा अन्याय म्हणत असत. तिला पाणावलेल्या डोळ्यांनी शेवटची ओळ पुरी करताना त्यांनी पाहिले असते, तर कोणी तसे बोलले नसते.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

सतरा नंबरच्या फॉर्मविषयी तेवढे लिहितो. निकालाच्या काळजीपोटी मीही एके वर्षी दोन मुलांना बाहेरून बसवण्याचा निर्णय घेतला होता. फॉर्म भरले गेले, पण दोघांपैकी एकही परीक्षेला आला नाही. शाळेत रोज येण्याचे कारणच मी काढून घेतले होते, आणि ती गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या मुख्याध्यापकांना लेखी निवेदन द्या, तोंडी बोलू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात माध्यमिक स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे; त्याचा उल्लेख करून तालुक्याच्या विशेष शिक्षकाच्या ठरावीक भेटी शाळेने मागाव्यात. आणखी एक. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची सवलत कोणी सुचवली, तर मुलाला पुढे काय शिकायचे आहे ते आधी विचारा, कारण पुढे आयटीआय किंवा विज्ञान शाखेकडे वळताना ती वाट अडू शकते. त्याचे गणित तोंडी कसे आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांची मनापासून ऋणी आहे. गणिताच्या सरांना विचारले. तोंडी हिशेब तो पक्के करतो, उसाच्या टनांचे आणि उचलीचे तर वडिलांच्या आधी. काल त्याच्या वडिलांना भेटून आले. “पोरगं ढ न्हाई, ह्ये मलाबी ठावं हाय, पर कुणी इचारलंच न्हाई,” असे ते म्हणाले. टोळी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघणार आहे. त्याआधी येत्या मंगळवारी आम्ही तिघे अंबाजोगाईला जात आहोत. निवेदनही आज दिले. एक अडचण उरली आहे. आजीजवळ बटणांचा साधा फोन आहे, त्यावर रेकॉर्ड केलेले धडे चालतील का?

विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र

मेमरी कार्ड बसत असेल तर चालतील. एक ध्वनिफीत दहा मिनिटांहून मोठी करू नका, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला विषय, धड्याचे नाव आणि पान क्रमांक स्वतः बोला, कारण पडद्यावर दिसणारे फाइलचे नाव त्याला वाचता येणार नाही.