पाळणाघराची अनामत रक्कम: किती घ्यावी, कधी परत करावी आणि कधी राखून ठेवावी?

प्रश्न (पाळणाघर चालक, इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. मी राहत्या घरी पाळणाघर चालवते. माझ्याकडील बहुतेक मुलांचे आईवडील सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, आणि त्यातली निम्मी बाळे एक वर्षाच्या आतली आहेत. इतक्या लहान बाळांसाठी मदतनीस मावशी ठेवाव्याच लागतात, आणि मूल आले नाही तरी त्यांचा पगार चुकत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी मी एका महिन्याच्या फीइतकी, म्हणजे 6,000 रुपये, अनामत घेते.

प्रसूती रजेवर असलेल्या एका ताईंनी 1 जूनपासूनची जागा राखण्यासाठी मार्चमध्ये ही रक्कम भरली. त्यानंतर त्या जागेसाठी आलेल्या दोन कुटुंबांना मी नकार कळवला. मे महिन्याच्या अखेरीस ताईंनी सांगितले की सासूबाई नाशिकला राहायला येत असल्याने बाळाला पाठवायचे नाही, आणि त्यांनी पूर्ण रक्कम परत मागितली. पावतीवर ‘अनामत’ एवढाच उल्लेख आहे. मी ती रक्कम ठेवू शकते का? ताईंशी संबंध चांगले आहेत आणि त्यांच्यावर अन्याय व्हावा असे मला वाटत नाही. मात्र नवीन मूल मिळेपर्यंतचा खर्च मलाच सोसावा लागणार आहे. शिवाय काही पालक पूर्वसूचना न देता मूल थांबवतात आणि ‘शेवटच्या महिन्याची फी अनामतीतून वळती करा’ असे सांगतात. त्याबाबत नियम कसा ठेवावा?

उत्तर (पाळणाघर चालक, गंगापूर रोड)

ताई, तुमच्या व्यवहारात दोन वेगळ्या रकमा एकाच पावतीवर आल्या आहेत. मूल येण्याआधी जागा अडवून ठेवण्यासाठी घेतलेली रक्कम वेगळी, आणि मूल येत असताना थकबाकी किंवा सूचनेविना सोडण्याची भरपाई म्हणून हाताशी ठेवलेली अनामत वेगळी. मी या दोन्हींच्या पावत्या स्वतंत्र देते. जागा राखण्याची रक्कम अर्ध्या महिन्याच्या फीइतकी असते. मूल ठरल्या तारखेला आले की ती पहिल्या महिन्याच्या फीत वळती होते आणि पालकांनी विचार बदलला तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल, हे पावतीच्या मागेच छापलेले असते. अनामत मात्र मूल प्रत्यक्ष यायला लागल्यावरच घेते.

शेवटच्या महिन्याची फी अनामतीतून वळती करण्याबद्दल माझे मत ठाम आहे. पालकांनी एक महिना आधी लेखी कळवले असेल तर वळती करायला काहीच हरकत नाही, उलट त्यामुळे परतफेडीचा व्यवहारच उरत नाही. सूचना न देता मूल थांबवले तर सूचनेच्या काळात जितके दिवस जागा रिकामी राहिली तितक्याच दिवसांची फी कापावी आणि उरलेली रक्कम परत करावी. एप्रिल आणि मे महिन्यांत बदल्या होतात, शाळेत जाणाऱ्या भावंडांना सुट्टी लागते आणि आजोळी जाण्याचे बेत ठरतात. बहुतेक वाद त्याच काळात उद्भवतात, म्हणून सुट्टीतील अनुपस्थितीची फी लागू आहे की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावे.

उत्तर (वकील, नाशिक)

कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण ‘पावतीवर ना-परतावा लिहिले की झाले’ असा समज सर्वत्र आढळतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार, करारभंगासाठी आधीच ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते; त्या मर्यादेत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये मौला बक्ष प्रकरणात हेच तत्त्व सुरक्षा ठेवीला लावले. लष्कराला बटाटे व कोंबड्या-अंडी पुरवण्याच्या त्या कंत्राटांत सरकारने पुरवठादाराची अनामत जप्त केली होती. परंतु नुकसान मोजता येण्यासारखे असूनही सरकारने ते सिद्ध केले नव्हते, त्यामुळे जप्ती टिकली नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील अन्यायकारक कराराच्या व्याख्येतही अवाजवी मोठी अनामत आणि नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता तुमच्या प्रकरणाकडे येऊ. तुम्ही दोन कुटुंबांना नकार दिला, हा तुमच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे, म्हणून ते संदेश जपून ठेवा. त्याचबरोबर जागा लवकर भरण्याचा प्रयत्न करणेही तुमच्याकडून अपेक्षित आहे. त्या दोन कुटुंबांना आजच पुन्हा विचारा. समजा 11 जूनला नवीन मूल आले, तर जागा दहा दिवस रिकामी राहिली आणि 6,000 रुपयांच्या हिशेबाने नुकसान साधारण 2,000 रुपयांचे झाले. तेवढे ठेवून 4,000 रुपये परत करणे माझ्या मते समर्थनीय आहे. पूर्ण जून जागा रिकामी राहिली तर पूर्ण रक्कम ठेवण्याची बाजू बळकट होते, अर्थात प्रयत्न केल्याचा पुरावा हवा. जागा 1 जूनलाच भरली तर काहीही ठेवू नये.

उत्तर (एक पालक, नाशिक रोड)

पालकांच्या बाजूने दोन गोष्टी सुचवते. पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा 2017 पासून 26 आठवड्यांची झाली आहे. परंतु रजा संपल्यावर काही काळ घरून काम मिळेल का, हे कार्यालयाकडून अनेकदा शेवटच्या आठवड्यात कळते. म्हणून सुरू होण्याची तारीख एकदा, ठरावीक दिवसांपर्यंत, पैसे न कापता पुढे नेण्याची मुभा ठेवावी. दुसरे म्हणजे परतफेडीचा दिवस लिहून द्यावा. आमच्या मुलीच्या आधीच्या पाळणाघराकडून ‘पुढच्या महिन्यात देते’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहिले आणि त्या अवघडलेपणामुळे, मुलीला तिथे मनापासून माया मिळाली होती तरी, आम्ही कोणालाही त्यांचे नाव सुचवू शकलो नाही. बाळाच्या आजारपणामुळे डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितले, तर सूचनेची अट शिथिल व्हावी, अशीही कळकळीची विनंती आहे.

उत्तर (कर सल्लागार, कॉलेज रोड)

हिशेबापुरते सांगतो. परत करायची अनामत हे तुमचे उत्पन्न नसून देणे आहे. ती फीत वळती केली किंवा नियमानुसार कापली, तरच त्या भागाची नोंद उत्पन्नात होते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातही पुरवठादाराने ठेव मोबदल्यात वळती करेपर्यंत तिला मोबदला मानलेले नाही. शिवाय सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. अनामतीसाठी वेगळे बचत खाते ठेवा आणि त्यातून किराणा किंवा पगार भागवू नका, कारण एकाच महिन्यात तीन मुले गेली तर 18,000 रुपये लगेच उभे करावे लागतील. रक्कम शक्यतो खात्यावर घ्या. 5,000 रुपयांहून अधिक रोख घेतल्यास पावतीवर 1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नकार दिलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाला अजूनही जागा हवी असून ते 6 जूनपासून बाळाला पाठवणार आहेत. त्यामुळे पाच दिवसांचे 1,000 रुपये ठेवून 5,000 रुपये ताईंच्या खात्यावर आजच पाठवते आणि हिशेब लिहून कळवते. नव्या पावत्यांचा मजकूर तयार झाला की इथे देईन; वकील साहेबांनी तो एकदा नजरेखालून घातला तर मोठी मदत होईल.