सोलापूरच्या थंडीत अंगणातली विटांची भट्टी: घुमट बांधून झाला, पहिला जाळ कधी लावू?

भट्टीवाल्याची_लेक (जुळे सोलापूर), २१ डिसेंबर

नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या जागेत पिझ्झासाठी विटांची भट्टी बांधतेय. घुमट ८ डिसेंबरला बंद झाला, म्हणजे आज तेरा दिवस झाले. पहाटे बाहेरच्या तापमापकावर १२ अंश दिसतात, तुळशीवर दव असतं, आणि भट्टीत हात घातला की विटा अजून गार नि ओलसर लागतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलगा पुण्याहून मित्रांना घेऊन येतोय. घरातले सगळे म्हणतात, पेटव आता, त्याशिवाय वाळणार कशी? माझं मन तयार होत नाही.

कारण सांगते. माझ्या वडिलांची बेकरी होती, लाकडावरची भट्टी. फरशीखाली त्यांनी जाड मीठ आणि फुटक्या काचा भरल्या होत्या, ऊब धरून राहावी म्हणून. एका थंडीत घुमटाचा पुढचा भाग नव्यानं बांधावा लागला. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून चौथ्याच दिवशी पेटवली, आणि रात्री आतल्या दोन विटांचे पापुद्रे उडून तव्यावरच्या पावांत पडले. बाबांनी पावांचा अख्खा घाणा टाकून दिला. तेव्हा मी सहावीत होते. तो आवाज अजून कानात आहे.

आता माझ्या भट्टीबद्दल. जुळे सोलापूरची काळी माती तुम्हाला माहीत आहेच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून दार लागेनासं होतं. म्हणून अडीच फूट माती काढून टाकली, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकला, त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि सळई घालून सहा इंच काँक्रीट. गवंडी म्हणत होते एवढ्याशा चुलीला इतका पाया कशाला. पण घुमट, फरशी, ओटा मिळून वजन टनात जातं, आणि पाया एका बाजूनं अर्धा इंच बसला तरी कमान फाटते. त्या पैशाचं मला वाईट वाटत नाही.

ओट्यावर ऊब खाली जाऊ नये म्हणून चार इंच वर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) आणि सिमेंटचा थर, पाचास एक प्रमाणात. त्यावर फायर ब्रिकची, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटांची फरशी, सांध्यात काही न भरता नुसती चिकटून बसवलेली. घुमट आतून ३६ इंच व्यास, १८ इंच उंच. दाराची उंची साडेअकरा इंच, म्हणजे घुमटाच्या ६३ टक्क्यांच्या आसपास, कारण दार याहून उंच ठेवलं तर ऊब निघून जाते आणि बुटकं ठेवलं तर जाळाला हवा पुरत नाही. सांध्याला तीन घमेली चाळलेली वाळू, आणि सिमेंट, चुना, फायर क्ले प्रत्येकी एक घमेलं. वरून ऊब धरणारं सिरॅमिक ब्लँकेट आणि गिलावा अजून व्हायचाय.

दाराच्या कमानीवर उजवीकडे केसाएवढी चीर दिसतेय. ही थंडीमुळे आली का? आणि १३ जानेवारीच्या आत भट्टी तापेल का? तापणार नसेल तर तसं सांगा, मी मुलाला फोन करून सांगेन.

---

निवृत्त_ओव्हरसियर (होटगी रोड), २१ डिसेंबर

ताई, तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत.

आधी थंडीचं बघू. परदेशी लोक थंडीत भट्टी बांधू नका म्हणतात ते त्यांच्याकडे पाणी गोठतं म्हणून. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि कोवळा सांधा आतून फाटतो. आपल्याकडच्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात, थंड हवामान म्हणजे ५ अंश किंवा त्याखाली. तुमचे १२ अंश त्यात बसत नाहीत. त्याच मानकाचा पहिला भाग उन्हाळ्याचा आहे, ४० अंशांच्या वरचा, आणि सोलापूरकरानं खरं तर तो जपून पाळायला हवा. एप्रिलमध्ये बांधली असती तर सांधे दुपारपर्यंत कोरडे पडले असते.

तरी थंडीचा परिणाम होतोच. गार रात्री सिमेंट सावकाश धरतं, आणि दुकानातून बहुतेक पीपीसीच येतं, राख मिसळलेलं, ते आणखी सावकाश. त्यात डिसेंबरचं कोरडं वारं दिवसा वरवरचं पाणी ओढून घेतं. वरून वाळलेलं, आतून कच्चं, अशी अवस्था होते. चीर त्यातलीच असणार. सांधा सुकताना आकसतो. नख अडकतं का बघा. अडकत नसेल तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. तापल्यावर ती उघडेल, निवल्यावर मिटेल. नख आत शिरत असेल आणि चीर विटेतून आरपार गेली असेल, तर फोटो टाका.

पाणी किती दिवस मारलंत? पीपीसीला दहा दिवस तरी ओल हवी.

---

भट्टीवाल्याची_लेक, २१ डिसेंबर

काका, नख अडकत नाही, जीव भांड्यात पडला. दहा दिवस गोणपाट ओलं ठेवलं होतं, संध्याकाळी त्यावर प्लास्टिक. १८ तारखेपासून उघडी आहे, रात्री फक्त वर पत्रा, दव बसू नये म्हणून.

---

तुराटी_बाभूळ (मंगळवेढा), २२ डिसेंबर

ताई, घाई करू नका म्हणून सांगूलालो. मी बी शेतात बांधलतो, हुरड्याला पाव्हणे येणार होते म्हणून सहाव्या दिवशीच बाभळीची लाकडं घालून पेटवलो. तासाभरात दणका झाला, कमानीची चावीची, म्हणजे माथ्यावरची मधली वीट सरकली. पाव्हणे हुरडा खाऊन गेले, भट्टी मी फेब्रुवारीत परत उतरवून बांधलो.

दुसऱ्या खेपेला शेणीवर सुकवलो. शेणी हळू जळते, जाळ उठत नाही, नुसती धग देती. चार शेण्या मधोमध रचायच्या, दार अर्धं झाकायचं, सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत ऊब राहती. तीन दिवस शेणी, मग दोन दिवस तुराट्या, मूठमूठ घालायच्या. बाभूळ सगळ्यात शेवटी. बाभळीचा निखारा लई कडक, कोवळ्या भट्टीला सोसत नाही. लाकूड बी मागल्या वर्षीचं घ्या. ओलं लाकूड धूर करतं आणि परत आतच ओल सोडतं.

---

फौंड्रीतला_माणूस (कोल्हापूर), २२ डिसेंबर

वरची शेणीची युक्ती पटली. आमच्याकडे भट्टीचं नवं अस्तर याच तत्त्वावर सुकवतात, फक्त बर्नर लावून.

शंभर अंशांना पाण्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वेळ मिळाला तर काही होत नाही. मिळाला नाही तर ती विटेचा पापुद्रा घेऊन बाहेर येते. तुमच्या वडिलांच्या भट्टीत तेच झालं असणार. म्हणून पहिला दिवस आतली वीट शंभरच्या आसपास, पाच-सहा तास. नंतर रोज चाळीस-पन्नास अंश चढवा. सातव्या दिवशी साडेतीनशे-चारशेपर्यंत जा. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घ्याच. हातानं अंदाज घेत बसू नका. मधेच वाफ किंवा टिकटिक आवाज आला तर जाळ वाढवू नका, त्याच तापमानावर तासभर थांबा.

माझी काळजी घुमटाची नाही, फरशीखालच्या थराची आहे. वर्मिक्युलाइट स्पंजासारखं पाणी पितं. चार इंचांच्या थरात बादल्यांनी पाणी आहे आणि वरून तुम्ही फरशी झाकून टाकलीत. त्याला वाट कुठून ठेवली आहे?

भट्टी सुकवण्याआधीच ब्लँकेट गुंडाळा, म्हणजे घुमट आतबाहेर सारखा तापेल. गिलावा मात्र आत्ता नको. ब्लँकेट कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच, त्याची कुसं फुप्फुसात जातात.

---

निवृत्त_ओव्हरसियर, २२ डिसेंबर

ब्लँकेटबाबत माझं मत वेगळं आहे. आधी उघड्या घुमटाला तीन-चार दिवस धग द्यावी. ओल कुठून येतेय, चीर कुठे पडतेय, हे डोळ्यांना दिसतं. दुरुस्ती करायची तर तेव्हाच करता येते. फौंड्रीत रोज भट्ट्या सुकवणारी माणसं असतात, ताई पहिल्यांदा करतायत.

गिलाव्यासाठी सिमेंट चालेल, तो ब्लँकेटच्या बाहेर आहे. पण आत, जाळ लागतो तिथे, चीर भरायला नुसतं सिमेंट कधीही वापरू नका. चारशेच्या पुढे त्यातला चुना पाणी सोडतो, मग दमट हवेत तेच पाणी परत ओढून फुगतो आणि सांधा भुसभुशीत होतो. नुसती फायर क्लेही नको. हजार अंशांच्या वर भाजल्याशिवाय ती धरत नाही आणि आपली भट्टी तिथवर जात नाही.

---

भट्टीवाल्याची_लेक, २३ डिसेंबर

फरशीखालच्या थराला मी वाट ठेवलीच नव्हती. काल रात्री हे वाचून झोप लागली नाही. आज मिस्त्रींना बोलावून ओट्याच्या खालून, काँक्रीटमधून, अर्ध्या इंचाची सहा भोकं पाडून घेतली. दोन भोकांतून हाताला लागेल एवढं पाणी आलं. काँक्रीट ओतून महिना झाला आणि आत अजून पाणी होतं. फौंड्रीवाले दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.

ब्लँकेटबाबत काकांचं ऐकतेय. मला चीर डोळ्यांनी बघायची आहे. धग १ जानेवारीला सुरू करेन. तोपर्यंत आत शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब दिवसरात्र लावून ठेवलाय.

---

भट्टीवाल्याची_लेक, १० जानेवारी

सगळं सांगते, कुणाला तरी पुढे उपयोगी पडेल.

पहिले तीन दिवस मंगळवेढ्याच्या दादांच्या शेण्या. आतली वीट ९० ते १३० अंश. पहिल्या दुपारी घुमटावर प्लास्टिकचा कागद टाकला, अर्ध्या तासात आतून थेंब जमले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेवढाच वेळ ठेवला, कागद कोराच राहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी तुराट्या, १८० आणि मग २३०. पाचव्या दिवशी मागच्या बाजूला एक नवी चीर आली, नखानं कळेना एवढी. तिथेच थांबले, दोन तास तेवढाच जाळ ठेवला, पुढे वाढली नाही. सहाव्या दिवशी ब्लँकेटचे दोन थर गुंडाळले आणि एक दिवस विश्रांती दिली. मग ३००, आणि काल बाभूळ.

काल साडेतीनच्या सुमारास आतली सगळी काजळी जळून गेली आणि घुमट माथ्यापासून पांढरा होत खाली आला. बाबांची भट्टी तापली की ते म्हणायचे, "उजळली." तो शब्द मी चाळीस वर्षांनी मोठ्यानं उच्चारला. गन लावली तर माथा ४२०, फरशी ३४०. एकही पापुद्रा उडाला नाही.

पिझ्झा आज करून बघितला. पहिला दोन मिनिटांत झाला, कडा छान फुगली. तिसऱ्यापासून वरून करपतोय आणि खालून पांढरा राहतोय. फरशी अजून ओली असेल का?

---

फौंड्रीतला_माणूस, १० जानेवारी

थोडी ओल असेलच, अजून आठ-दहा जाळांत जाईल. पण मुख्य कारण वेगळं आहे. प्रत्येक पिझ्झा फरशीतली ऊब ओढून घेतो आणि तुम्ही तिला परत तापायला वेळ देत नाही. पेटवल्यावर निखारे तासभर पूर्ण फरशीवर पसरून ठेवा, मग एका बाजूला ओढा आणि वीस मिनिटं काहीही न ठेवता थांबा. दर दोन पिझ्झ्यांनंतर निखारे परत मधे आणा, पाच मिनिटं. फरशी ४०० च्या आसपास दिसल्याशिवाय पुढचा घालू नका. नेपल्सचे लोक फरशी सव्वाचारशेच्या पुढे नेतात, म्हणून त्यांचा पिझ्झा साठ-नव्वद सेकंदांत निघतो. तुम्हाला इतक्यात तिथवर जायची गरज नाही.

---

भट्टीवाल्याची_लेक, १५ जानेवारी

अक्षता सोहळा बघून पोरं रात्री घरी आली. अकरा पिझ्झे झाले, दर दोनानंतर निखारे मधे आणून. दोन पिझ्झ्यांवर शेंगाचटणी टाकली होती, तेच आधी संपले. नंतर दार विटांनी बंद करून ठेवलं. सकाळी सहाला बाहेर ११ अंश होते आणि आत फरशी १६५. त्यावर नानकटाईचे दोन ट्रे लावले, बाबांच्या मापानं. गिलावा पुढच्या आठवड्यात. काका, त्यात ओल बाहेर पडायला माथ्यावर एक बारीक नळी सोडून ठेवू ना?

---

निवृत्त_ओव्हरसियर, १५ जानेवारी

हो, सोडा. अर्ध्या इंचाची पुरे, तोंड खाली वळवा म्हणजे पावसाळ्यात पाणी शिरणार नाही. आणि गिलाव्यावर सात दिवस गोणपाट.