नरथिहपतेला पळपुटा म्हणणं बंद करा

गडवाटा: काल इथेच एकाने लिहिलं, "ब्रह्मदेशातल्या जुन्या पगान राज्याचा राजा नरथिहपते म्हणजे रोज 300 कालवणं खाणारा खादाड, मंगोल आले आणि हा पळाला, राज्य बुडवलं." डोकंच फिरलं वाचून. अहो, हा 1256 ला गादीवर आला तेव्हाच राज्य आतून पोखरलेलं होतं. दोनशे वर्षं राजे, राण्या, मंत्री सगळे पुण्यासाठी विहारांना जमिनी देत आले आणि दिलेली जमीन कायमची करमुक्त, मग फौज पोसायची कशावर? समोर मंगोल सम्राट कुबलाईची माणसं, 1253 ला दाली जिंकून शेजारच्या युनानमध्ये (आजच्या चीनमध्ये) बसलेली. 1277 च्या लढाईत मंगोलांच्या बाणांनी पगानचे हत्ती बिथरले आणि उलटे फिरले, त्यात राजाने काय करायचं होतं? पुढे दक्षिणेला गेला हे खरं, पण 1285 ला दिसाप्रामोक भिक्खूला मंगोलांशी बोलणी करायला त्यानेच पाठवलं.

तेरेखोल: साहेब, तिजोरी रिकामी होती तर मिंगलाझेदी स्तूप कशाला बांधला? 1271 ला आणि परत 1273 ला खंडणी मागायला मंगोलांची माणसं आली, आणि 1274 ला हा स्तूप पूर्ण करतोय! स्वतःला 3 कोटी 60 लाख सैन्याचा सेनापती म्हणवून घ्यायचं आणि वेळ आली की राजधानी सोडायची. शेवटी 1287 ला प्याय शहरात पोटच्या पोराने, थिहथूने, विष घ्यायला लावलं. घरच्यांनाही नकोसा झाला होता तो.

माईची_लेक: स्तूप राहू दे, करमुक्त जमिनीवर कुणीच बोलत नाहीये. आमच्या आजोबांनी जन्मभर देवस्थान इनामाची जमीन कसली, सातबाऱ्यावर मालक देव, आजोबा नुसते कूळ. विहीर खणायला कर्ज मागितलं तर बँकेने दारातूनच परत पाठवलं. देवाच्या नावावर जमीन गेली की कसणारा मधल्यामधे मरतो.

तेरेखोल: ताई, तेरावं शतक चाललंय, तुमचा सातबारा कुठे आणलात मध्येच?

माईची_लेक: का नको आणू? तुम्हाला राजा पळाला याचीच पडलीये. पगानमध्ये जमिनीबरोबर माणसंही दान द्यायचे, शिलालेखांत त्यांची नावं कोरलेली आहेत. ती माणसं पिढ्यानपिढ्या देवळाची. त्यांच्याबद्दल एक ओळ नाही कुणाची.

शून्य_मैल: पण ती माणसं राजाच्या वेठीतून सुटायची, लढाईलाही जावं लागायचं नाही. काहींना तेच बरं वाटलं असेल.

माईची_लेक: बरं वाटलं असेल?? शेतात राबून बघा एक हंगाम, मग बोला. माझ्या आजोबांचं नख ना नख काळं झालं होतं आणि इथे बसून तुम्ही सांगताय बरं वाटलं असेल.

रत्नांग्री: गडवाटांशी सहमत. हरलेल्या राजावर सगळं ढकलायची सवयच आहे. आमच्याकडे रत्नागिरीत ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबाला इंग्रजांनी आणून ठेवला 1886 ला, 1916 ला इथेच गेला बिचारा, आणि अजून लोक म्हणतात बायकोच्या ऐकण्यात होता म्हणून ब्रह्मदेश गेला. इंग्रजांच्या तोफा, सागवानाचा धंदा हे कुणाच्या लक्षातच नाही.

तेरेखोल: थिबाचं वेगळं, तो निदान राजधानी मंडालेतच होता 1885 ला, इंग्रज आले तेव्हा. हा राजधानी सोडून गेला. मार्को पोलो 2000 हत्ती सांगतो, मंगोलांच्या युआन दरबाराची नोंद 800, काहीही धरा, एवढे हत्ती असून हरलात.

गडवाटा: हत्तींची फौज घोडदळाच्या तिरंदाजांपुढे टिकेल असं आधी कुणाला वाटलं नसतं? आणि दिसाप्रामोकवर तुम्ही अवाक्षर काढत नाही. तो थेट कुबलाईसमोर उभा राहिला, सैन्य बसून राहिलं तर भात पिकणार नाही हे त्याला पटवून आला.

तेरेखोल: ठीक, भिक्खू पाठवला हे चांगलं केलं, एवढंच देतो. हिंमत भिक्खूची होती, राजाची नव्हे.

माईची_लेक: आणि परत आल्यावर त्या भिक्खूला बक्षीस काय मिळालं? जमीनच. राज्य ज्याने खिळखिळं झालं म्हणताय तेच परत केलं. गडवाटा, याचं उत्तर द्या आधी.