अनुदानात गावपाहणीचा खर्चही धरावा
तंबाखू नियंत्रणाचे संशोधन शिकवणाऱ्या कार्यशाळांवर अनुदान खर्चून केवळ प्रमाणपत्रे वाटली जातात, असा आक्षेप घेतला जातो; तो मला निम्माच पटतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली प्रश्नावली आमच्या कोल्हापुरात कामाची नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ठामपणे ‘नाही’ म्हणणाऱ्या करवीर तालुक्यातील एका मावशींच्या चुलीशेजारी मी मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी पाहिली आहे, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणेच होते. हे बारकावे सभागृहात बसून कळत नाहीत, म्हणून अनुदानातच गावपाहणीचा आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या मार्गदर्शनाचा खर्च मंजूर व्हावा, असे मला कळकळीने वाटते.