कंट्रोलच्या रॅटनाच गाठी? लेबलं चुकली की काय

स्लाइडवाली: नमस्कार मंडळी, परळला एका लॅबमध्ये लागून सहाच महिने झालेत, सरावासाठी एका जुन्या स्टडीच्या स्लाइड वाचतेय, रॅटना दोन वर्षं औषध देऊन गाठी होतात का ते बघणारी. रॅटची जात फिशर ३४४. आता कंट्रोल म्हणजे ज्यांना औषधाचा थेंबही दिला नाही ते, पण त्यातल्या जवळपास प्रत्येक नराच्या टेस्टिसमध्ये लेडिग सेलची (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींची) गाठ, काहींना तर दोन्हीकडे, आणि माद्यांच्या गर्भाशयात पॉलिप ते वेगळेच. मला वाटलं लेबलं अदलाबदल झाली. सरांना विचारलं तर हसले नि म्हणाले वाच जरा.

परळकर७: लेबलं बरोबर आहेत गं 😄 फिशरचा नर दोन वर्षं जगला की १० पैकी ८-९ जणांना ती होतेच, आणि माद्यांचे गर्भाशयातले ते स्ट्रोमल पॉलिपही (आधार देणाऱ्या ऊतीची वाढ) त्या जातीत नेहमीचेच. स्प्रेग डॉली ही दुसरी जात घेतलीस तर लेडिगची गाठ क्वचित दिसेल, तिथे माद्यांच्या स्तनात फायब्रोअडेनोमा, म्हणजे साधी गाठ. जपानी डॉनर्यू जातीत गर्भाशयाचा कॅन्सर आपोआप होतो. आधी जात बघायची, मग गाठी मोजायच्या.

स्लाइडवाली: पण सगळ्यांनाच आहे तर औषधाने वाढली हे कळणार कसं?

जुनाखोड: तीच तर बोंब आहे, वाढायला जागाच नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने फिशर सोडली त्याचं हे एक कारण. आणि वाढ दिसली तरी ती माणसाला लागू होईलच असं नाही. ब्रोमोक्रिप्टीन घे, प्रोलॅक्टिन कमी करणारं औषध. रॅटमध्ये कॉर्पस ल्युटियम (अंडाशयातला प्रोजेस्टेरॉन बनवणारा भाग) प्रोलॅक्टिनवर टिकतो, ते घटलं की प्रोजेस्टेरॉन घटतं, मग इस्ट्रोजेनला रान मोकळं आणि म्हाताऱ्या माद्यांच्या गर्भाशयात ट्यूमर. बायकांमध्ये ती साखळीच नाही, त्यामुळे औषध बाजारात राहिलं.

परळकर७: बरोबर सर. लेडिगचंही तसंच, रॅटच्या लेडिग सेलवर जीएनआरएच या मेंदूतल्या हार्मोनचे रिसेप्टर असतात, माणसाच्या नसतात.

जुनाखोड: आणि पोरी, एक बघ. हायपरप्लेसिया (पेशी नुसत्या वाढणं) कुठे संपतो नि अडेनोमा (साधी गाठ) कुठे सुरू होतो याचा नियम सगळीकडे एकच नव्हता. कुणी टेस्टिसमधल्या एका ट्यूब्यूलच्या (शुक्राणू बनवणाऱ्या नळीच्या) व्यासापेक्षा मोठं दिसलं की अडेनोमा लिहायचं, आता तीन ट्यूब्यूलच्या व्यासापुढे गेलं तरच. तुझ्या जुन्या रिपोर्टात कुठला नियम धरलाय ते आधी शोध.

स्लाइडवाली: अरे देवा. मी नुसतं गोल दिसलं की टिक करत होते 🙈 सोमवारी पहिल्यापासून मोजते.